दोन इस्त्र्या आणि एक खुर्ची

प्रिय बारके,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र. मी मुद्द्यावर आले की तुला खिडकीतली कबुतरं दिसायला लागतात, नाहीतर नर्स येते. एका मजल्यावर एवढ्या नर्स असतात हे मला ठाऊक नव्हतं. पत्राचं बरं असतं, ते मध्येच कट करता येत नाही. फार तर घडी करून उशीखाली सारशील, पण तुझा स्वभाव मी ओळखून आहे. दुपारी सगळे डुलक्या घेत असताना काढून वाचशीलच. पाठीला नीट उशी घे आणि वाच. अक्षर वाकडं आलंय ते चालवून घे. 

सुरुवात तुला माहीत आहे, तरी मी तिथूनच करणार आहे. डॉक्टरांनी आपल्या सगळ्यांना समोर बसवून सांगितलं होतं की तुझं यकृत थकलंय, औषधांनी ते फार काळ ओढत नेता येणार नाही, घरातल्या कुणी आपल्या यकृताचा तुकडा दिला तरच तू वाचशील. तुझ्या ‘अहों’चा रक्तगट जुळला नाही, तेव्हा ते बिचारे शाळेत नापास झाल्यासारखे खाली मान घालून बसले होते. माझा जुळला. एवढी थोरली घोडी मी, त्या कॉरिडॉरमध्ये टुणकन उडी मारली होती. आणि त्याच संध्याकाळी तू माझा हात घट्ट धरून शब्द मागितलास. तुझं चालेल ताई, रस्त्यावरच्या कुणाचंही चालेल, पण माझ्या लेकीच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही, तिला विचारायचंसुद्धा नाही. मी लगेच शब्द दिला. माझं काय जात होतं? मी होतेच की उभी.

मग माझी सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि भिंतीला ओल आलीय हे सांगावं तशा आवाजात सांगितलं की यकृतात चरबी आहे, पुष्कळ आहे, असं यकृत देता येत नाही. चरबी उतरवा, मग पुढच्या तपासण्या करू. बारके, जन्मभर लोकांनी मला जाडी म्हटलं आणि मी हसण्यावारी नेलं. शाळेत म्हटलं, सासरी म्हटलं, गिऱ्हाइकं तर अजून म्हणतात की शिवणारी बाई भरल्या अंगाची असली की कपडा सैल बेतते. पण माझी चरबी कुणाच्या जिवावर उठेल, आणि तेही तुझ्या, हे कधी डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. घरी येऊन मी आरशासमोर उभी राहिले आणि पोटाला चिमटे काढले. अगदी निळं पडेपर्यंत.

लहानपणी माझे झगे तुझ्याकडे यायचे, आठवतं? आई ते उलटे करून तुझ्या अंगावर चढवायची आणि दोन्ही बाजूंनी टाचण्या लावून आत घ्यायची. तू हात वर करून उभी, टाचणी टोचली की ओरडायचीस, आणि मी बाजूला बसून म्हणायचे की एवढ्या कापडात हिच्यासारख्या दोघी मावतील. माझं कुठलंच काही तुला जसंच्या तसं कधी बसलं नाही. प्रत्येक वेळी ते आधी लहान करावं लागलं. सोनोग्राफीनंतर मी हेच मनाशी धरलं होतं, की आपल्यासाठी हे काही नवीन नाही, या वेळी झग्याऐवजी मलाच आत घ्यायचंय, एवढंच.

आधी मी जेवणच सोडलं. अक्कल गहाण टाकून सोडलं. सकाळी काळी कॉफी, दुपारी काकडी, रात्री पाणी. वजन भराभर उतरायला लागलं आणि मी मनात तुझ्या डिस्चार्जची तयारी करायला लागले. मग एक दिवस एका गिऱ्हाइकाच्या अंगावरच्या पँटची उंची टाचून घेताना, तोंडात टाचण्या धरलेल्या, मी तशीच बाजूला कलंडले. तो गृहस्थ एका पायावर नाचत मदतीला ओरडत होता, कारण दुसऱ्या पायात माझ्या टाचण्या होत्या. एकही टाचणी मी गिळली नाही हे नशीब. तुझे भावजी त्या दिवशी माझ्यावर जे ओरडले ते आमच्या लग्नापासून ओरडले नव्हते. हॉस्पिटलातल्या आहाराच्या बाईंनीही चांगलीच हजेरी घेतली. म्हणाल्या, पाळी गेल्यावर अंगातलं बळ असंच ओसरत असतं, त्यात तुम्ही उपाशी राहून चरबीबरोबर तेही घालवताय, उद्या ऑपरेशन सोसणार कशाने? पोटभर खा, पण अंडी, डाळी, दही असं खा, साखर सोडा, चाला, आणि ताकदीचे व्यायाम करा, वजनं उचला. घरीच करा, पण एक काहीतरी नीट ठरवून धरा आणि ते सोडू नका.

एक काहीतरी ठरवून धरा! सांगणं सोपं आहे गं. तुझी लेक टॅबलेट घेऊन माझ्या शिवणाच्या खोलीत बसली आणि आम्ही बघायला लागलो. लग्नाच्या बाजारात मुलं बघावीत तसे एकेक व्यायामाचे कार्यक्रम. एक बाई नुसत्या उड्या मारायची, तिचं नाव आम्ही स्प्रिंग ठेवलं. तिच्याबरोबर मी दोन दिवस उड्या मारल्या, तर खालच्या मजल्यावरचे शिक्षक वर आले आणि फार नम्रपणे म्हणाले की आमच्या दिव्याची काच हलतेय. माझे गुडघे तर त्यांच्या आधीच तक्रार करत होते. मग एक पिळदार गडी होता, महिन्यात पोट गायब म्हणायचा. त्याच्या स्वतःच्या अंगावर चिमटीत धरायलासुद्धा चरबी नव्हती, त्याला काय कळणार पोट कसं येतं ते. एकाकडे इतकी यंत्रं होती की ती खोलीत ठेवायची तर भावजींना जिन्यात झोपावं लागलं असतं. एक फारच गोड बोलायची, पण ती नुसतीच बोलायची. मी रडकुंडीला आले होते. कपडा निवडायला माझ्याकडे आलेल्या बायकांना मी नावं ठेवते, की अर्धा दिवस हात लावून बघतात आणि काहीच घेत नाहीत. पण यात चुकीचं निवडलं असतं तर तुझे दिवस वाया गेले असते, माझे नाही. 

शेवटी ती चष्मेवाली सापडली. वयाने आपल्यासारखीच, केस पांढरे, मागे दोरीवर धुणं वाळत घातलेलं. ती खुर्ची घेऊन आली, तिच्यावर बसली आणि हात न टेकता उठली. म्हणाली, एवढंच करा, ज्यांना जमत नाही त्यांनी हात टेकून करा, पुढच्या आठवड्यात हाताला थोडं वजन घेऊन करा. मग टेबलाला हात लावून अंग खाली नेणं, वाकून पिशवी कमरेशी ओढणं, पाठ सरळ ठेवून जमिनीवरची पिशवी उचलणं. आठवड्यातून तीन वेळा, मधल्या दिवशी नुसतं चालायचं. उड्या नाहीत, आरडाओरडा नाही. घाम आला नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका, मागच्यापेक्षा थोडं जास्त उचललं का एवढंच बघा, असं सांगायची. तुझी लेक म्हणाली, मावशी, ही घेऊ. मी म्हटलं, ही घेऊ.

वजनं कुठून आणायची, तर माझ्याकडे त्या जुन्या लोखंडी इस्त्र्या होत्या, दोन, वीज गेली की वापरायच्या. पक्की मूठ, भक्कम वजन, त्यांच्याइतकं चांगलं काय मिळणार? पुढे त्या हलक्या वाटायला लागल्या तेव्हा पिशवीत अस्तराचे तागे भरले. तुझे भावजी जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आले, त्यांना वजन माणसाने उचलायचं हा प्रकारच पटत नव्हता. रोज व्यायामाच्या वेळेला नेमके त्याच खुर्चीत पेपर घेऊन बसायचे आणि उठवलं की सुस्कारा टाकायचे. पण नंतर नंतर मीच बघितलं, मी यायच्या आधी ते खुर्ची भिंतीला टेकवून, खाली ओला फडका घालून ठेवायचे, ती घसरू नये म्हणून. 

आणि तुझी लेक. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकांची मापं घेऊन दमून यायची, तरी माझ्याबरोबर उभी राहायची. मला वाटायचं मावशीला सोबत म्हणून करतेय. तिला काय गरज होती व्यायामाची, तुझाच बांधा, एवढासा. एक इस्त्री तिच्या हातात, एक माझ्या. सुरुवातीला ती दोन्ही हातांनी धरायची आणि हसायची. कधी हसणं थांबलं ते माझ्या लक्षात आलं नाही. आपल्याच घामात आणि आपल्याच मोठेपणात मी इतकी बुडाले होते.

कारण बारके, ते जमत होतं. हळूहळू, चिडचिड व्हावी इतकं हळू, पण जमत होतं. काटा हलायचा नाही आणि कंबर मात्र कमी व्हायची. माझा काट्यापेक्षा टेपवर विश्वास, तुला माहीतच आहे. पोत्यासारखी बसणारी मी खुर्चीतून हात न टेकता उठायला लागले. कापडाचा अख्खा तागा एका दमात माळ्यावर टाकला त्या दिवशी मी तुला फोन करून सांगितलं होतं आणि तू म्हणालीस, ताई, मला इथून उठून बाथरूमपर्यंत जाता येत नाही गं. तू सहज म्हणालीस. मी फोन ठेवला आणि मशीनवर डोकं टेकून बसले. माझ्या दंडात जेवढं बळ येत होतं तेवढं कुणीतरी तुझ्यातून काढून घेतंय असं मला वाटायला लागलं होतं. वेडेपणा आहे, पण वाटायचं. तुझे डोळे पिवळे, पोटात पाणी, हातांच्या काड्या, आणि मी इकडे तब्येत कमावतेय.

तेव्हा मी एक गोष्ट केली, ती फक्त आपल्यासारख्या शिवणाऱ्या घरातच कुणी करेल. कपाटातले माझे सगळे कपडे काढले, नव्या मापाने आत घेतले, आणि आतलं जास्तीचं कापड कात्रीने कापून टाकलं. धंद्यात हे पाप आहे. गिऱ्हाइकाच्या कपड्यात आम्ही ते नेहमी ठेवतो, माणूस पुन्हा जाड होतं म्हणून. मी एकाही कपड्यात ठेवलं नाही. मला परतीची वाटच नको होती. आता मी पुन्हा जाड झाले तर घालायला चिंधीसुद्धा नाही, असं भावजींना ठसक्यात सांगितलं. ते म्हणाले, मग थोडी थंडी वाजेल, एवढंच.

पुढची सोनोग्राफी झाली तेव्हा डॉक्टरांनी दोन वेळा बघितलं. यकृतातली चरबी उतरली होती. त्यांनी मला पहिल्यांदा नीट नजरेला नजर देऊन बघितलं आणि शाबासकी दिली. तुला मी फोनवर ओरडून सांगितलं ते खरंच होतं, त्यात काही खोटं नव्हतं. पण त्यानंतर एक मोठा स्कॅन असतो, तो मी तुला सांगितला नाही. त्यात यकृत केवढं आहे, कुठून कापायचं, कुणाच्या वाट्याला किती येईल हे मोजतात. त्याचा निकाल आला. माझं यकृतच लहान आहे, बारके. त्याची ठेवणच अशी आहे की तुला पुरेल एवढं कापलं तर माझ्यात जगण्यापुरतंही उरत नाही. चरबीचा प्रश्नच नाही. चरबी होती की नव्हती याने आता काही फरक पडत नाही. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मी म्हटलं, मला उरलं नाही तरी चालेल. ते म्हणाले, आम्हाला चालत नाही. मी म्हटलं, मी अजून व्यायाम करते, वाढेल ते. त्यांनी पेन खाली ठेवलं. बाहेरून एवढी मोठी मी, जन्मभर माझ्या आकाराची टिंगल झाली, आणि आत जे मोठं असायला हवं होतं नेमकं तेच लहान निघालं. यापेक्षा क्रूर थट्टा मला सांगता येणार नाही.

घरी आले आणि सवयीने इस्त्र्या उचलल्या. खुर्चीवर बसले, उठले, बसले, उठले. कशासाठी ते कळेना. मग त्या खाली ठेवल्या आणि त्यानंतर आजपर्यंत हात लावला नाही. सगळे म्हणतात तब्येत सुधारली ना, तेही काही कमी नाही. गिऱ्हाईक बायका विचारतात, काय केलंत हो, आम्हालाही सांगा. त्यांना काय सांगू? देवाशी भांडायचं तर कुठून सुरुवात करायची तेसुद्धा मला सुचत नाही. या सुडौल, मजबूत, बिनकामाच्या अंगाची मला किळस येते. माझ्या मनात एकही आशा उरलेली नाही, आणि जी एक समोर आलीय तिच्याकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती.

आता कबुतरांकडे बघू नकोस, वाच. मी इस्त्र्या खाली ठेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझी लेक कामावरून आली, तिने त्या दोन्ही उचलल्या, आणि एकटीनेच सुरुवात केली. पाठ सरळ, एका लयीत. मी दारातून बघत राहिले, आणि मग मला सगळं एकदम उमजलं. ती कधीच माझ्या सोबतीला उभी नव्हती. पहिल्या दिवसापासून ती स्वतःची तयारी करत होती, मी नापास झाले तर म्हणून. तिचा रक्तगट तुझाच आहे, हे तिला शाळेपासून माहीत आहे. तिने मला विचारलं नाही, मी तिला विचारलं नाही, म्हणजे तेवढ्यापुरता तुझा शब्द मी पाळला. पण ती तपासणीला निघाली तेव्हा मी चप्पल घालून तिच्याबरोबर गेले, आणि तिथे तो मोडला. सगळ्या तपासण्या झाल्या. तिला एकटीला बसवून परक्या डॉक्टरांनी विचारलं की तुझ्यावर कुणाचा दबाव आहे का. बाहेर आली तेव्हा हसत होती, म्हणाली, मावशी, दबाव आईचाच आहे, पण उलट्या बाजूने. तिचं यकृत चांगलं आहे. पुरेसं आहे, तुलाही आणि तिलाही. तुझ्या ‘अहों’ना सांगितलं तेव्हा ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत, भिंतीकडे तोंड करून रडले. आता फक्त तुझा होकार राहिलाय. डॉक्टर म्हणतात फार दिवस हातात नाहीत, एकदा पोटातल्या पाण्यात संसर्ग झाला की मग कुणाचंही घेता येणार नाही.

म्हणून लिहितेय. रविवारी आम्ही दोघी येतोय. तिला दारातून परत पाठवू नकोस. ओरडायचं असेल तर माझ्यावर ओरड, मी शब्द मोडलाय, जन्मभर माझ्याशी बोलू नकोस. पण तेवढ्यासाठी आधी तुला जन्मभर जगावं लागेल. तुम्हा दोघींना एकाच सकाळी आत नेतील आणि मी बाहेर बाकावर बसेन, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. एक तरी परत येईल ना, या विचाराशी येऊन मी थांबते, पुढे जात नाही. मला भीती वाटते, बारके, इतकी कधी वाटली नव्हती. तरी मी तुला सांगतेय की हो म्हण. मला काही देता आलं नाही, म्हणून ऑपरेशननंतर घालायला दोन झगे शिवलेत, एकाच मऊ कापडाचे, पोटाला नाडी लागणार नाही असे. तिचा तिच्या मापाचा. तुझा शिवताना मात्र सगळ्या शिवणींच्या आत चार चार बोटं कापड जास्त ठेवलंय. आयुष्यात पहिल्यांदा मला तुझा कपडा आत घ्यायचा नाही, उसवून मोठा करायचाय. तू जाड हो गं. माझ्याएवढी हो, पहिल्या माझ्याएवढी.

तुझीच,
बाकावर बसून राहणारी,
ताई